आवक बारनिशी: नीराकाठच्या काट्याची तार

बारामतीहून फलटणकडे जाणारा रस्ता नीरा नदी ओलांडण्यापूर्वी ज्या गावातून जातो ते सांगवी, पुणे जिल्ह्याच्या अगदी कडेला वसलेले, पलीकडच्या काठाला सातारा जिल्हा असलेले आणि माळेगावच्या सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुकीत ज्याच्या नावाचा स्वतंत्र गट आहे असे एक बागायती गाव होय. अशा गावाचा इतिहास लिहावयाचा तर पाटील-कुलकर्ण्यांची वतने, देवळांच्या सनदा आणि नदीचे पूर यांपासून आरंभ करण्याची आपल्याकडे चाल आहे, आणि ती वाईट नाही. परंतु गेल्या तीस-चाळीस वर्षांत या मुलखातील शेतकऱ्याच्या पदरी किती पैसा पडावा याचा निवाडा ज्या एका क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूतून होत आला आहे, तिची हकीकत सहसा कोणी लिहीत नाही. ही वस्तू म्हणजे वजनकाट्यापासून संगणकापर्यंत ओढलेली काही हात लांबीची तार, आणि त्या तारेवरून येणारी अक्षरे न सांडता उतरवून घेणारा, ज्याला संगणकाच्या धंद्यात ड्रायव्हर म्हणतात तो, थोड्याशा ओळींचा प्रोग्राम.

काटा या गावांत इतका महत्त्वाचा का झाला, हे समजण्यासाठी कालव्याकडे वळावे लागते. १८७६-७७ च्या दुष्काळाने दख्खनची दैना केल्यावर सरकारने नीरेच्या डाव्या कालव्याचे काम हाती घेतले. भाटघरला धरण बांधून पाणी साठविले गेले, आणि १९२८ साली त्याच ठिकाणी मोठे लॉइड धरण पुरे झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना त्यांनी पाणी वाटण्याची ‘ब्लॉक’ पद्धत याच नीरा कालव्यावर प्रथम चालविली. बाजरी-ज्वारीच्या कोरडवाहू तालुक्यांत ऊस आला, उसामागून गुऱ्हाळे आली, इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंदांचे वालचंदनगर उभे राहिले आणि स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे सहकारी कारखान्यांची धुराडी पेटली. पुढे संकरित गाई आल्या आणि सकाळ-संध्याकाळ दुधाचा दुसरा ओघ सुरू झाला. ऊस टनावर विकला जातो आणि दूध लिटरावर, फॅटवर व एसएनएफवर, म्हणजे दुधातील स्निग्धेतर घन भागावर. म्हणजे दोन्ही पिकांचे मोल ती शेतकऱ्याच्या हातून सुटल्यावर, दुसऱ्याच्या आवारात, दुसऱ्याच्या यंत्रावर ठरते. ज्याने माल घातला त्याला पावतीखेरीज दुसरा पुरावा नाही.

जुना काटा सगळा लोखंडी होता. जमिनीखालच्या खड्ड्यात तरफांची उतरंड, वर गाडी उभी करण्याचा तक्तपोस, आणि खोलीत काटेकारकुनाच्या हाताशी सरकते वजन असलेली दांडी. गाळपाच्या हंगामात रात्री दोन वाजता गाडीवान बैलांना तक्तपोसावर चढवी, कारकून दांडी समतोल होईपर्यंत वजन सरकवी, आकडा वाचून पावतीवर लिही, गाडी गव्हाणीकडे जाई आणि परतताना मोकळ्या गाडीचे वजन होऊन वजावट पडे. या रीतीत लबाडीला वाव होता आणि झोपेलाही होता. परंतु एक गुण तिच्यात असा होता की, कारकुनाने आकडा लिहिल्याशिवाय दांडी हलत नसे. घेणारा सावकाश असला तर देणारा थांबून राही. पुढे जो सारा घोटाळा झाला त्याचे मूळ या एका सवलतीच्या लोपात आहे.

तरफांच्या जागी लोड सेल आले. पोलादाच्या ठोकळ्यावर चिकटविलेल्या बारीक तारा भाराखाली ताणल्या गेल्या की त्यांचा विद्युत्‌रोध बदलतो, तो बदल मोजून इंडिकेटर नावाची पेटी लाल आकड्यांत वजन दाखविते, आणि त्याच वेळी पाठीमागच्या खोबणीतून तोच आकडा अक्षराअक्षराने तारेवर सोडीत राहते. बहुतेक इंडिकेटरांना या कामी तीनच तारा लागतात: पाठविण्याची, घेण्याची आणि जमिनीची. संदेश असतो अगदी साधा. आरंभाचे एक खुणेचे अक्षर, मग चिन्ह, मग वजनाचे अंक, मग ओळ संपल्याची खूण. आणि हा संदेश सेकंदातून कित्येकदा, कोणी ऐको वा न ऐको, चालूच राहतो. समजा, उसाच्या ट्रॉलीचे वजन १८४५० किलो आहे आणि संगणक दुसऱ्या कामात गुंतलेला असल्यामुळे त्यातले ८ हे अक्षर सांडले, तर उरते १४५०. हा आकडा पाहून कारकून तरी चमकेल. परंतु पहिलाच १ सांडला तर उरते ८४५०, आणि हे वजन एखाद्या लहान वाहनाचे म्हणून सहज खपून जाण्यासारखे आहे.

या तारेचे कुळ तारखात्याचे आहे. हिंदुस्थानात १८५५ साली तारयंत्र सर्वांसाठी खुले झाले तेव्हापासून १४ जुलै २०१३ च्या रात्री शेवटच्या तारा घेतल्या जाईपर्यंत, एकाच तारेवरून एकामागून एक खुणा पाठवून मजकूर पोहोचविण्याची ही कला आपल्या परिचयाची होती. मोर्सच्या काळी घेणारा माणूस होता. कानाने कडकट्ट ऐकून हाताने लिहिणारा सिग्नलर मागे पडला तर मध्येच तार तोडून ‘थांब, पुन्हा पाठव’ असे सांगू शके. फ्रान्समध्ये बोदोने १८७४ च्या सुमारास प्रत्येक अक्षराला पाच समान खुणा ठरवून दिल्या आणि माणसाच्या जागी यंत्राचा मार्ग मोकळा केला. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या टेलिप्रिंटरांनी प्रत्येक अक्षराच्या आधी आरंभाची आणि शेवटी विरामाची खूण जोडली, त्यामुळे घेणाऱ्या यंत्राला प्रत्येक अक्षरागणिक आपले घड्याळ जुळवून घेता येऊ लागले. मद्रासला १९६० साली हिंदुस्थान टेलिप्रिंटर्स निघाली, आणि त्याच साली अमेरिकेत आरएस-२३२ नावाचे मानक प्रसिद्ध झाले, ज्याची १९६९ ची ‘सी’ आवृत्ती पुढे काट्यांपासून मोडेमपर्यंत सर्वत्र चालली. माळेगावच्या रस्त्यावरील एखाद्या काट्यावर आज जो बाइट धावतो त्याच्या दोन्ही अंगांना टेलिप्रिंटरच्या त्याच आरंभ-विरामाच्या खुणा असतात. आठ खुणांच्या अक्षराच्या त्यामुळे दहा खुणा होतात, आणि ९६०० बॉड वेगाने सेकंदाला ९६० अक्षरे येतात.

येथे थोडी वजाबाकी-भागाकार केल्याशिवाय गत्यंतर नाही. तारेवरच्या खुणा एकत्र करून अक्षर बनविणाऱ्या चिपला यूएआरटी म्हणतात. गॉर्डन बेल यांनी डीईसी कंपनीच्या पीडीपी-१ या संगणकासाठी साठीच्या दशकात ते प्रथम पूर्ण फळ्यावर मांडले आणि १९७१ साली वेस्टर्न डिजिटलने ते एका चिपमध्ये आणले. १९८१ च्या आयबीएम पीसीत नॅशनल सेमिकंडक्टरची ८२५० ही चिप होती, आणि तिच्यात पूर्ण झालेले अक्षर ठेवण्यास जागा होती अवघी एका अक्षराची. पुढचे अक्षर पूर्ण होईपर्यंत मागचे उचलले गेले नाही, तर नवे जुन्यावर चढून बसे आणि जुने कायमचे जाई. ९६०० च्या वेगाला ही मुदत एक मिलिसेकंदाहून किंचित अधिक. १२०० च्या वेगाला सुमारे ८.३ मिलिसेकंद. संगणकाला हा वेळ पुष्कळ आहे, असे कागदावर वाटते. प्रत्यक्षात डॉसच्या काळातील प्रोग्राम बायोसच्या सीरियल सेवेकडे ‘आले का, आले का’ असे विचारीत बसत, आणि त्या सेवेला स्वतःचा साठाच नव्हता. प्रोग्रामने डॉट मॅट्रिक्स छपाईयंत्राकडे पावतीची एक ओळ धाडण्यास किंवा फ्लॉपीवर नोंद लिहिण्यास पाठ फिरविली की तेवढ्यात तारेवरची दहा-वीस अक्षरे येऊन निघून गेलेली असत. काट्याची खोली, बाहेर गाड्यांची रांग, आत रिबिनीचा करकर आवाज, आणि त्या आवाजाच्या मागे मूकपणे सांडणारे अंक: यातली सगळ्यात गंभीर गोष्ट हीच की, सांडताना आवाज होत नसे.

यावरचा उपाय आमच्या मामलेदार कचेऱ्यांना कधीपासून ठाऊक होता. कचेरीच्या दाराशी आवक बारनिशीचा कारकून बसतो. टपाल आले की तो त्यावर तारखेचा शिक्का मारतो, आवक क्रमांक घालतो, नोंदवहीत एक ओळ लिहितो आणि कागद टोपलीत टाकतो. अर्जात काय मागितले आहे, ते मंजूर करावे की नामंजूर, तलाठ्याचा अहवाल मागवावा की नाही, हे विचार तो करीत नाही, कारण तो जर पहिलाच अर्ज वाचीत बसला तर मागची रांग कचेरीबाहेर जाईल आणि दुपारी तीनला आलेला माणूस अर्ज न देताच घरी परतेल. अर्ज निकालात काढण्याचे काम आतल्या अव्वल कारकुनाचे. तो आपल्या सवडीने टोपली उपसतो. चांगल्या सीरियल ड्रायव्हरची रचना नेमकी हीच आहे. अक्षर आले की चिप प्रोसेसरला हटकते, त्याला इंटरप्ट म्हणतात. त्या हटकण्यावर जो छोटा प्रोग्राम धावतो त्याने अक्षर उचलावे, त्यासोबत चिपने दिलेला दोषाचा शेरा उचलावा, दोन्ही स्मृतीतल्या वर्तुळाकार टोपलीत टाकावे आणि तत्काळ बाहेर पडावे. वजन किती, पावती कोणाची, छापावयाची कधी, या विचारांना तेथे मज्जाव. ही टोपली वर्तुळाकार करण्यात एक खुबी आहे: टाकणारा फक्त आपली पुढची खूण हलवितो, काढणारा फक्त आपली मागची खूण हलवितो, एकाने दुसऱ्याच्या खुणेला हात लावावयाचा नाही, त्यामुळे कुलूप लावण्याची गरज पडत नाही आणि कोणी कोणाची वाट पाहत नाही.

बारनिशीच्या कारकुनाला आणखी एक शिस्त लागते, आणि ती न पाळल्याने धंद्यातल्या मोठमोठ्यांनी मार खाल्ला आहे. जुन्या पीसीच्या रचनेत इंटरप्टची तार पातळीवर नव्हे तर धारेवर चाले, म्हणजे हाक एकदाच येई. ड्रायव्हर आत असताना दुसरे कारण उपजले आणि त्याने ते न पाहता दार लावून घेतले, तर पुन्हा हाक येतच नसे आणि पोर्ट मुका होऊन बसे. म्हणून हाकेस ओ देणाऱ्याने ‘आणखी काही उरले आहे का’ असे चिपला विचारीत राहावे आणि ‘काही नाही’ असे उत्तर मिळाल्यावरच परतावे, हा नियम झाला. कॉम-१ आणि कॉम-३ एकाच इंटरप्टवर बसत, त्यामुळे ज्या कारखान्यात एकाच संगणकाला दोन काटे जोडण्याचा मोह होई तेथे हा नियम पाळणे विशेष जरुरीचे होते.

टोपली यंत्राच्या आतच ठेवावी, ही कल्पना पीसीहून जुनी. डीईसीच्या डीएच-११ आणि डीझेड-११ या जोडण्यांत चौसष्ट अक्षरांचा साठा होता आणि त्याला त्या कंपनीने धान्याच्या कोठाराचे नाव दिले होते. पीसीच्या दुनियेत हे सुख १६५५० या चिपने आणले. तिच्या पहिल्या घडणीतील साठा दोषामुळे वापरता येण्यासारखा नव्हता, तो १६५५०ए मध्ये सुधारला. सोळा अक्षरांची ही टोपली किती भरली म्हणजे हाक मारावी, हे ड्रायव्हरने ठरवावयाचे: १, ४, ८ किंवा १४. अननुभवी लिहिणारा चौदा निवडतो, कारण हाका कमी येतात आणि आकडेवारी देखणी दिसते. परंतु मग हाक आल्यापासून उरतात दोनच अक्षरांच्या जागा. आठ निवडले तर उरतात आठ, आणि माझ्या मते काट्याच्या कामाला आठांहून वर जाण्याचे धाडस करू नये. संदेशाच्या शेवटची तीन-चार अक्षरे साठ्यात अडकून पडू नयेत म्हणून चार अक्षरांच्या वेळेइतकी शांतता झाल्यास चिप आपण होऊन हाक मारते, ही तजवीज करणाऱ्या अभियंत्याला मी मनातल्या मनात दंडवत घालतो. एक फरक मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे: जुन्या चिपमध्ये साठा ओसंडला की वाट पाहणारे अक्षर जाई, नव्या चिपमध्ये साठ्यातली अक्षरे शाबूत राहून नुकतेच आलेले अक्षर जाते.

देणाऱ्याला थांबविता आले असते तर हा सारा खटाटोप निम्म्याने कमी झाला असता. तारेची ती तरतूद आहे. आरटीएस आणि सीटीएस या दोन जादा तारांनी, किंवा एक्सऑफ व एक्सऑन म्हणजे १९ आणि १७ क्रमांकांची अक्षरे उलट पाठवून, ‘थांब’ आणि ‘चालू दे’ असे सांगता येते. आणि शहाणा ड्रायव्हर टोपली पूर्ण भरण्याची वाट न पाहता तीन-चतुर्थांश भरताच थांबवितो, कारण हुकूम पोहोचेपर्यंत वाटेतली अक्षरे येणारच. पुण्यात सीडॅकने १९९१ साली जो परम ८००० महासंगणक उभा केला त्यातील ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर एकमेकांशी अशाच एकपदरी तारांनी बोलत, आणि तेथे तर पाठविलेल्या प्रत्येक बाइटची पोच घेणाऱ्याकडून आल्याशिवाय पुढचा बाइट सुटतच नसे. अक्षर सांडण्याचा प्रश्नच मुळातून उपटलेला. पण ती दोन्ही टोके एकाच कारखान्यात घडविलेली. सांगवी-माळेगावच्या काट्याचा इंडिकेटर एका कंपनीचा, संगणक दुसरीचा, प्रोग्राम तिसऱ्याचा, आणि तीन तारांच्या त्या जोडणीत थांबविणारी तारच नाही. ऐकून न घेणाऱ्या वक्त्यासमोर श्रोत्यानेच सदैव जागे राहिले पाहिजे.

वजनाच्या बाबतीत एक दिलासा आहे: इंडिकेटर तोच आकडा पुनःपुन्हा सांगत राहतो, तेव्हा एक संदेश बिघडला तर पुढचा घ्यावा. दुधाचे तसे नाही. दूध संस्थेच्या खिडकीपाशी पहाटे किटल्या आणि कॅन घेऊन माणसे उभी राहतात. पूर्वी डिग्री पाहण्यासाठी लॅक्टोमीटर आणि फॅट काढण्यासाठी गर्बरची पद्धत असे, जिच्यात काचेच्या नळीत १० मिलिलिटर गंधकाम्ल, १०.७५ मिलिलिटर दूध आणि १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल घालून नळ्या यंत्रात गरगर फिरवाव्या लागत, आणि सचिव अखेरीस नळीच्या मानेवरची पिवळी पट्टी डोळ्यांनी वाची. नव्वदीच्या दशकात गुजरातेत आणंदच्या बाजूला वजन, फॅट आणि हिशेब यांची संगणकाशी सांगड घालणारी यंत्रे गावच्या संस्थांत बसू लागली आणि ती रीत पुढे आपल्या दूध-पट्ट्यातही आली. दुधाचा विश्लेषक नमुना ओढतो, थोडा वेळ गुणगुणतो, आणि फॅट, एसएनएफ, पाण्याचे प्रमाण असा निकाल तारेवरून एकदाच सोडतो. गायीच्या दुधाचा भाव आपल्याकडे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या पायरीवर बांधलेला. त्याखाली प्रत्येक पॉइंटाला भाव उतरतो. तो एकुलता एक संदेश येत असताना संगणक मागच्या गिऱ्हाइकाची पावती छापीत असेल, आणि ड्रायव्हरकडे टोपली नसेल, तर नमुना तर ओतून दिलेला, माणूस पुढे सरकलेला, आणि पडद्यावर मागचाच आकडा. मग सचिव अंदाजाने आकडा घालतो; दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो तेव्हा त्या अंदाजाचे भांडण होते. या भांडणात यंत्र साक्षीला येत नाही.

म्हणून अक्षर न सांडू देणे हे ड्रायव्हरचे पहिले काम असले, तरी त्याहून वरचे काम मी हे मानतो की, सांडलेच तर ते कबूल करावे. चिपच्या स्थितिदर्शक नोंदीत ओव्हररनची एक खूण असते. अक्षर वाया गेले की ती उठते, आणि ती नोंद वाचताच ती पुसलीही जाते. ज्याने वाचून दुर्लक्ष केले त्याने पुरावाच नष्ट केला. बारनिशीतून एक कागद गहाळ झाला तर त्याच्या आवक क्रमांकाची जागा तरी रिकामी दिसते. येथे ती रिकामी जागा लिहिणाऱ्याने मुद्दाम ठेवावी लागते. दोषाचा शेरा अक्षरासोबत वर पाठवावा, संदेशाची लांबी मोजावी, आरंभाची खूण नसेल तर तो टाकून द्यावा, लागोपाठ दोन-तीन संदेशांत तेच वजन आल्याशिवाय पावतीला मान्यता देऊ नये. आमच्या ऊसपट्ट्यात काटामारीचा संशय जुना आहे आणि तो सर्वत्र निराधार आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. वैध मापन खात्याचे निरीक्षक लोड सेलला सील ठोकतात, प्रमाणित वजने ठेवून काटा तपासतात, पण सीलाच्या पलीकडे तारेवर काय सांडले हे ते सील सांगत नाही. लबाडीने कमी भरलेले वजन आणि आळसाने सांडलेले अक्षर यांत शेतकऱ्याच्या दृष्टीने कोणता भेद?

अलीकडे संगणकांच्या पाठीवरून ती नऊ दातांची खोबण नाहीशी झाली आणि यूएसबीचे रूपांतरक आले. त्यांनी अक्षरे गठ्ठ्यांनी पोहोचविण्याची रीत आणली. एफटीडीआयच्या रूपांतरकांत गठ्ठा भरला नाही तर सोळा मिलिसेकंद थांबून तो धाडण्याचा मूळ ठराव असतो, त्यामुळे वेळेवर अवलंबून संदेश तोडणारे जुने प्रोग्राम येथे नव्याने फसतात, आणि दोष तारेवर नसून तो तारेवर ढकलला जातो. लिनक्स चालणाऱ्या यंत्रांत मात्र, साध्या यूएआरटीच्या पोर्टांपुरता, एक हिशेब कायम ठेवलेला आहे: ‘प्रॉक’ या निर्देशिकेत ‘टीटीवाय’, तिच्या पोटात ‘ड्रायव्हर’ आणि तिच्यात ‘सीरियल’ नावाची एक फाइल, जी अधिकार असलेल्या वापरकर्त्याला केव्हाही वाचता येते. प्रत्येक पोर्टावरून किती बाइट गेले व किती आले ते तीत असते, आणि एखादा बाइट ओव्हररनने वाया गेला असेल तरच पुढे ‘ओई’ अशी दोन अक्षरे व त्यांसमोर आकडा छापला जातो. काही सांडले नसेल तर ती अक्षरे दिसतच नाहीत. कारखान्याच्या संचालकांनी आणि दूध संस्थांच्या सचिवांनी हंगामाच्या आरंभी काटा बसविणाऱ्याला ती फाइल उघडून दाखवावयास सांगावे, हंगाम संपताना पुन्हा सांगावे, आणि दोन्ही वेळचे कागद सभासदांच्या वार्षिक सभेपुढे ठेवावेत.